खळ्यावरचं मातेरं

रोडपालीच्या सिग्नलला माझी स्कूटी उभी होती आणि शेजारी पेंढ्याने लादलेला टेम्पो. दिवाळीचे कंदील अजून गॅलऱ्यांतून उतरले नव्हते. टेम्पो इतका भरला होता की काड्या माझ्या हेल्मेटला घासत होत्या. मी हात वर केला आणि एक काडी ओढून घेतली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला, तेव्हा कळलं की सिग्नल सुटलाय. ती काडी दातात धरून मी कॉलेजपर्यंत गेले. चाळिशी ओलांडलेली, अर्थशास्त्र शिकवणारी बाई तोंडात पेंढ्याची काडी घेऊन गेटातून आत येते म्हटल्यावर वॉचमन बघतच राहिला. बघू दे.

बाकीचे ऋतू मला कॅलेंडरवर दिसतात. कापणीचे दिवस नाकात येतात. आणि त्या दिवसांचा वासही एकच नसतो. सकाळी तो ओला असतो, दवात भिजलेल्या, नुकत्या कापलेल्या बुडख्यांचा. दुपारी ऊन तापलं की लोंब्यांतून भाजल्यासारखा गोडसर वास यायला लागतो. संध्याकाळी सगळ्यावर बारीक धूळ बसते, आणि मग केसांना, कपड्यांना, ताटातल्या भाकरीलासुद्धा खळ्याचा वास येतो. आई म्हणायची, "चावून खा, कुसळ असंल." तिचं ते सांगणं आणि घशात रुतलेलं कुसळ, दोन्ही बरोबरच यायचं.

आमचं घर नेऱ्याचं. मागे डोंगर, पुढे नदीकडे पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरं. त्यातली थोडी आता आमची राहिली आहेत, बाकीच्यांवर फार्महाऊस झाली आहेत आणि त्यांच्या कुंपणांवर बोगनवेल चढली आहे. मी या घरातली पहिली ग्रॅज्युएट. माझी डिग्री आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फ्रेम करून देव्हाऱ्याच्या शेजारी लावली. आई रोज देवांना कुंकू लावताना त्या काचेवरही एक बोट ओढायची, त्याचा डाग अजून आहे. कॉलेजात "आमची शेती आहे हो थोडी" असं खालच्या आवाजात सांगणाऱ्या मुली मी पाहिल्या. मला आवाज खाली करायची गरज कधी वाटली नाही. माझी सहामाही नेमकी कापणीत यायची. मी खळ्याच्या कडेला गोणपाट टाकून अभ्यास करायची, कोंबड्या हाकलायची आणि वाळत घातलेलं भात पायाने खालीवर करायची. माझ्या जुन्या पुस्तकांत 'मागणी आणि पुरवठा' या धड्यात अजून भाताचे दाणे सापडतील. नंतर तोच धडा मी मुलांना शिकवत आले. खळं हा माझा पहिला वर्ग होता, असं मी त्यांना सांगते, आणि त्यांना तो विनोद वाटतो.

ज्या कापणीबद्दल मी लिहायला बसले आहे, ती मी बारावीत असतानाची. त्या वर्षी आमच्याकडे ट्रॅक्टर आला.

आला म्हणजे घाटावरच्या कुणा बागायतदाराने वापरून वापरून जुना केलेला, तो आबांनी आणला. रंग लाल, पण भट्टीतून काढलेल्या विटेसारखा कुठे गडद, कुठे फिका. धुराची नळी पुढे सरळ उभी. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून आबा तिच्यावर रिकामं डबडं पालथं घालायचे आणि काढायला विसरायचे. मग इंजिन सुरू झालं की डबडं उडायचं आणि कुणाच्या तरी छपरावर जाऊन पडायचं. शेजारून हाक यायची, "नामा, तुजा डबा आला बग आमच्याकडं. च्या पिऊन धाडतो!"

ट्रॅक्टर यायच्या आधी आमचं भात हातांनी झोडलं जायचं. डोंगराखालच्या वाडीवरच्या बाया यायच्या. त्यांची जमीन नव्हती. कापणीत आमच्यासारख्यांकडे झोडणी, पुढे वीटभट्टी, पुढे मिळेल ते. त्यांची पुढारी पवळीबाई. उंच, काटक, हसली की सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशी. शेणाने सारवलेल्या खळ्यावर जाड फळी तिरपी मांडायची, भाऱ्याचं बूड दोन्ही हातांनी धरायचं, डोक्यावरून नेऊन फळीवर आपटायचं. दाणे पावसासारखे उडायचे. एकीचा भारा वर असताना दुसरीचा खाली. त्या आवाजात मला अभ्यास फार चांगला व्हायचा, आणि सुट्टीला त्या पाणी प्यायला थांबल्या की माझं वाचनही थांबायचं. मजुरी भातातच मिळायची. आणि सगळं चांगलं भात उचलून कणगीत गेलं की तळाला जे दाणे माती-शेणात मिसळून राहायचे, ते मातेरं. ते बायांचं. याची कुठे बोलणी व्हायची नाहीत. चांगलं भात उचलून झालं की घरधनी खळ्यावरून खाली उतरायचा आणि बाया खराटे घेऊन वर चढायच्या. झाडून, पाखडून, नदीवर नेऊन धुऊन त्या त्यातून दाणा वेगळा काढायच्या. वाडीवर त्या भाताचे कितीतरी दिवस निघायचे.

त्या वर्षी मात्र आबांनी खळ्यावर भारे सोडून पसरले आणि वरून ट्रॅक्टर गोल गोल फिरवला. बायांना जे काम आठवडाभर पुरायचं ते दुपारीच उरकलं. बाया नेहमीसारख्या उतरून आल्या होत्या. काखेत सुपं, हातात खराटे. खळ्याच्या कडेला उभ्या राहून त्या बघत होत्या. आई पडवीत उभी होती. तिलाच राहवेना. म्हणाली, "पवळे, अशी काय उभी? बस तरी."

पवळीबाई म्हणाली, "बगतंय. तुमचा ह्यो नवा बैल किती खातो ते बगतंय."

सगळ्या हसल्या. आबा सीटवरून हसले. मी हसले नाही, कारण माझ्या समोरच्या पुस्तकात 'यंत्रामुळे श्रमाची बचत होते' असं छापलेलं होतं आणि ज्यांच्या श्रमाची बचत झाली त्या माझ्यासमोर कामावाचून उभ्या होत्या. बचत कुणाची, असा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. पुढे मी हाच विषय घेतला, त्याची मुळं तिथे असावीत.

त्या दिवशी आईची आणि आबांची जुंपली ती वेगळ्याच गोष्टीवरून. आबा ट्रॅक्टर फिरवायचे तो खळ्याच्या अगदी कडेने. मधलं खळं चोपून टणक केलेलं, पण कडेची माती भुसभुशीत. बाहेरचं चाक तिथून गेलं की भात सरळ मातीत रुतायचं. आई पडवीतून ओरडत होती, "अवो, चाक आत घ्या! सोन्यासारखं भात मातीत चाललंय."

"वळत नाय!"

"वळत नाय म्हंजे?"

"स्टेरिंग जाम हाय!"

त्या वर्षी मातेरं इतकं निघालं की बायांना ते न्यायला दोन खेपा कराव्या लागल्या. पुढच्या वर्षी आईने आधीच बजावलं, "ग्रीस लावा." लावलं. स्टेरिंग जामच. त्याच्या पुढच्या वर्षीही जाम. शेवटी आईने नाद सोडला. पेंढ्याबद्दलची तिची तक्रार मात्र कायम राहिली. ट्रॅक्टरने चुरलेल्या पेंढ्याला डिझेलचा वास येतो आणि म्हैस तोंड फिरवते, असं ती म्हणायची. म्हशीचं म्हणणं तिला बरोबर कळायचं.

मग शेती कमी झाली. कापायचं, झोडायचं, पाखडायचं सगळं एकदमच करणारी भाड्याची मशीनं आली. ट्रॅक्टर गोठ्यात गेला, म्हैस गेल्यावर गोठा त्याचाच झाला. सीटखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. आबा अधूनमधून त्याला चालू करायचे, ऐकायचे आणि बंद करायचे. म्हाताऱ्या माणसाची चौकशी करून यावं तसं.

आणि गेल्या कार्तिकात विलासशेठच्या डोक्यात महोत्सव आला.

विलासशेठ आमच्याच गावचा. त्याच्या घरच्यांनी जमीन विकली, मग त्याने दुसऱ्यांची विकत घेतली, तिच्यावर बंगले बांधून पुन्हा विकले. गावाला तो धरून आहे, माणूस वाईट नाही. त्याने ठरवलं, आपल्या फार्महाऊसच्या मैदानावर शनिवार-रविवार जुन्या ट्रॅक्टरांचं आणि शेतीच्या वारशाचं प्रदर्शन भरवायचं. खारघर, पनवेलहून लोक येतील. जुनी अवजारं, चुलीवरचं जेवण, झोडणीचं प्रात्यक्षिक आणि शेवटी पाहुण्यांना आठवण म्हणून इथल्या तांदळाची छोटी कापडी पिशवी. पाट्या लिहायला आणि माईकवर बोलायला मी. "ताई, तुझ्यासारखं बोलणारं गावात दुसरं कोन हाय?" तो म्हणाला. नव्हतंच. मी हो म्हटलं.

पाट्या लिहिताना मजा आली. इरलं, कणगी, चिखल सपाट करायचा गुठा, जातं, उखळ. ज्या वस्तूंना लहानपणी मी अडखळून पडले, त्यांच्याबद्दल दोन-दोन ओळी लिहायच्या. अवजाराचं नाव लिहिता येतं, उपयोग लिहिता येतो. 'सकाळी रिकाम्या उखळात मांजर झोपायची' हे पाटीवर मावत नाही. मी ते एकदा लिहिलं आणि खोडलं.

झोडणीसाठी बाया हव्यात म्हणून आबा आणि मी वाडीवर गेलो. पवळीबाई दारात सुकटीतला कचरा निवडत बसली होती. केस पांढरे, हसणं तेच. आबांनी सगळं सांगितलं.

"झोडणी बगाया लोक येनार?" ती म्हणाली. "त्यांच्याकडं टीवी बंद पडलेत काय?"

"येनार. फोटो काढनार."

"मंग नवी साडी नेसून येव? आन तुजा तो लाल म्हातारा? चालतो का आजून, का आमी ढकलायचा?"

"चालतो," आबा म्हणाले. "मजुरी विलास देनार, जेवन तिथंच. आन मातेरं तुमचं. आपल्या खळ्यावर व्हायचं तसंच."

पवळीबाईने मान हलवली. "ह्ये बोललास ते बरं झालं, नामादादा. मुलीचं बाळंतपन हाय माज्या घरी. नवं भात लागंल." मग तिने आत हाक मारून सुनेला सूप काढून ठेवायला सांगितलं.

उतरताना मी म्हटलं, "आबा, मातेऱ्याचं विलासशेठना सांगून ठेवूया."

आबा थांबले. "त्याला काय सांगायचं? तो काय दुबईत जन्मला? त्याची आई ह्याच खळ्यांवर वावरली."

ते खरंच होतं. जे प्रत्येक खळ्यावर सगळ्यांना ठाऊक असायचं, ते कुणी कुणाला सांगायचं नसतं. सांगणं म्हणजे समोरच्याचा अपमान. खळी बंद होऊन एवढा काळ लोटल्यावरही आबांच्या मनात ती चालूच होती.

शनिवारी सकाळी मैदानावर ट्रॅक्टर ओळीने आले. निळे, लाल, एक लोखंडी चाकांचा. मालकांनी त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. खारघरची मुलं सीटवर चढून फोटो काढत होती, आणि म्हातारे शेतकरी बॉनेटवर हात ठेवून उगाच उभे होते, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. आई माझ्या शेजारी खुर्चीत, मांडीवर चहाचा थर्मास. आमचा लाल ट्रॅक्टर ओळीत लावायचा तर मंडपाचा खांब आणि आंब्याचं झाड यांच्यामधून फिरवावा लागणार होता. जागा एवढीशी. मी घाबरून माईक खाली ठेवला. आबांनी चाक फिरवलं, आणि तो ट्रॅक्टर जागच्या जागी असा वळला की माझी स्कूटी तशी वळत नाही.

आईने थर्मास खाली ठेवला.

"वंदे, बगितलंस?"

"बघितलं."

"जाम हाय म्हनायचे. दर साली. मी ग्रीस आनून दिलंय ह्यांना, सोताच्या हातानं." आबा तिकडे चाकामागे दगड लावत होते. मग ती हळूच म्हणाली, "बायांसाठी हाय ते मना सांगितलं असतं तर मी काय नको म्हनले असते?" आणि जरा थांबून, "म्हनलेच असते."

मी आईइतकी प्रामाणिक माणसं फार पाहिली नाहीत. मी तिचा हात धरला. तिला ते आवडलं नाही, तिने तो चहा ओतायच्या निमित्ताने सोडवून घेतला.

दुपारी झोडणी झाली. बायांनी आदल्या दिवशीच येऊन मैदानाच्या मधोमध खळं सारवलं होतं. भारे आमच्या उडवीतले, म्हणजे हाताने कापून रचलेल्या गंजीतले, आबांनी महोत्सवाला दिलेले. फळ्यांवर भारे आपटायला लागले, दाणे उडायला लागले आणि लोकांनी मोबाईल वर केले. वरून एक विमान खाली खाली येत गेलं. कुणी मान वर केली नाही. मी माईकवर सांगत होते, पण मध्येच बोलायची थांबले. त्या आवाजात मला अजूनही फक्त वाचायला सुचतं. मग उरलेले भारे पसरून आबांनी ट्रॅक्टर फिरवला. मी बघत होते, आईही बघत होती. चाक अगदी कडेने चाललं होतं. आई काही ओरडली नाही.

चांगलं भात टोपल्यांत भरून झालं. आबा खळ्यावरून ट्रॅक्टर खाली घेऊन थांबले. बायांनी सुपं-खराटे काढले आणि त्या खळ्यावर चढल्या. तेवढ्यात मैदानाची व्यवस्था बघणारा एक तरुण धावत आला.

"मावशी, हात नका लावू. उद्या परत शो आहे. तसंच राहू दे, छान दिसतंय."

पवळीबाईने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती खळ्यावर उकिडवी बसली. बाकीच्याही बसल्या. विलासशेठ आला, पांढरी पँट, पांढरे बूट, घाम पुसत.

"काय झालं, मावशी? मजुरी पोचली ना?"

"पोचली."

"मग?"

पवळीबाई आबांकडे वळली. "नामादादा, वाडीवर येऊन काय बोललास तू?"

इंजिन चालूच होतं. आबा खाली उतरले, चपला बाजूला काढल्या आणि खळ्यावर आले. ते फार बोलणारे नाहीत, माझा बडबड्या स्वभाव कुणाचा म्हणून घरात अजून वाद आहे. ते म्हणाले, "विलास, मातेरं बायांचं."

"काका, सगळं भात तुमी महोत्सवाला दिलंय ना? पिशव्या शिवून आल्यात. हे धुऊन घेतलं की त्यात जाईल. आन उद्याचा शो?"

"भात मी दिलं तुला. मातेरं माझं नव्हतंच. मग ते तुला देनार कुठून?"

विलासशेठने पुन्हा घाम पुसला. मग त्याने त्याच्या परीने चांगला मार्ग काढला. "बरं मावशी, मजुरीत वाढवून देतो. चालंल?"

"मजुरी झोडन्याची झाली," पवळीबाई म्हणाली. "ह्ये मजुरीतलं नाय."

लोक जमायला लागले होते. आबा तिथेच उभे, दोन्ही हात लटकलेले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना भांडायचं नव्हतं. वाडीवर जाऊन त्यांनी शब्द दिला होता, आणि तो पाळणं आता दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या महोत्सवात अडकलं होतं. माझ्या हातात माईक होता. मला वाटलं, हे मी सोडवू शकते. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "मंडळी, आता प्रात्यक्षिकाचा शेवटचा आणि फार सुंदर भाग. आपल्या शेतीत एक प्रथा होती..." लोक पुढे सरकले. मोबाईल पुन्हा वर झाले.

"पोरी," पवळीबाई म्हणाली. आवाज चढवून नाही, पण मला ऐकू गेलं. "तो भोंगा बंद कर. झोडणी केली तुमच्या फोटुसाठी. ह्ये माझं घरचं काम हाय."

मी बटण दाबलं. मैदान एकदम मोठं वाटायला लागलं.

त्यावर मी नंतर खूप विचार केला. माझा हेतू चांगला होता आणि मी बोलतेही चांगलं, यात मला शंका नाही. वारसा म्हटलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या, विलासशेठला नाही म्हणता आलं नसतं आणि मातेरं बायांना मिळालंही असतं. पण ते प्रेक्षकांनी दिलेलं असतं. बाळंतिणीसाठी न्यायचं भात टाळ्यांमधून उचलायचं, हे पवळीबाईला नको होतं. जुन्या वस्तूवर पाटी लावली की ती जपली जाते, हे मी मानते, पाट्या मीच लिहिल्या आहेत. पण ज्या गोष्टीवर कुणाचं पोट आहे ती अजून जुनी झालेली नसते. तिच्यावर पाटी लावायची घाई करू नये.

शेवटी आबांनीच मार्ग काढला. "उद्याला मी नवे भारे देतो. उडवीत आजून हायत."

"हायत कुठं?" आई खुर्चीतून म्हणाली. "जे हायत ते आपल्या घरचे. वरीसभर काय खानार, हा ट्रॅक्टर?" मग तिने विलासशेठकडे बघितलं, पवळीबाईकडे बघितलं, आणि पदर खोचला. "द्या, द्या. डिझेलचा वास आलेला पेंढा तरी कमी होईल."

विलासशेठ हात झटकून निघून गेला. 'करा काय करायचं ते,' असा त्या झटकण्याचा अर्थ होता. बाया झाडायला लागल्या. धुळीचा लोट उठला तशी गर्दी पांगली, नाकावर रुमाल धरून लोक पिठलं-भाकरीच्या स्टॉलकडे गेले. एक बाई मात्र थांबली. तिने विचारलं, "हे काय करताहेत?" मी म्हटलं, "घरी जायची तयारी."

मी मनात म्हटलं, मिटलं. आबांना तसं वाटत नव्हतं. घरी येताना सीटवरूनच ते म्हणाले, "आज माझ्या भिडंपायी झालं. खळं त्याचं हाय. त्यानं सोताच्या तोंडानं बोलायला पायजे."

"आता काय बोलायचं राहिलंय?"

त्यांनी गिअर बदलला. इंजिनच्या आवाजात ते पुन्हा विचारणं जमलं नाही.

रविवारी गर्दी दुप्पट. बायांनी सकाळीच येऊन खळं पुन्हा सारवलेलं, ऊन लागून ते हिरवट तपकिरी झालेलं. आमच्या घरचे भारे कडेला रचलेले. आबा ट्रॅक्टरवर, इंजिन बंद. वेळ झाली तशी मी माईकवरून सांगितलं की झोडणी सुरू होत आहे. लोक गोल करून उभे राहिले.

पवळीबाईने फळी नीट मांडली, हाताने चाचपली, आणि तिच्यावर बसली. बाकीच्या बाया तिच्या आजूबाजूला बसल्या. एकीने पानाची चंची काढली.

जरा वेळ गेला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. विलासशेठ लोकांतून वाट काढत खळ्याच्या कडेला आला. "मावशी, करा की सुरू. पाहुणे खोळंबलेत."

"करतंव की," पवळीबाई म्हणाली आणि चुन्याचं बोट पानाला पुसलं. उठली नाही.

विलासशेठने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातला माईक बंद होता. त्याने आबांकडे बघितलं. आबांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि बॉनेट पुसायला घेतलं, फार मन लावून. आई थर्मासचं झाकण फिरवत बसली होती. विलासशेठ उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग दिसला, मग घड्याळ बघितल्यावर काळजी, आणि मग काहीतरी तिसरंच. शाळेत उत्तर माहीत असून हात वर न करणाऱ्या पोरासारखं. तो खळ्याच्या काठाशी उकिडवा बसला. पांढऱ्या पँटला शेण लागलं.

"मातेरं तुमचं, मावशी," तो हळू म्हणाला.

"मोठ्यानं बोल. ह्यांच्यातल्या दोघी बहिऱ्या हायत."

"मातेरं तुमचं!"

मागच्या लोकांनी माना वळवल्या. काय झालं ते त्यांना कळलं नाही. पवळीबाईने पान गालात सारलं, उठून पदर कमरेला आवळला, भाऱ्याचं बूड धरलं, डोक्यावर नेलं आणि फळीवर आपटलं. दाणे उसळून विलासशेठच्या पँटवर, बुटांवर पडले. तो ते झटकायच्या आत तिने दुसरा भारा उचललेला होता.